डेकोरेटर नक्की कधी चालतो?

आज कोडबद्दल बोलायचंय. स्क्रीन समोर नाहीये, त्यामुळे सगळं बोलूनच सांगतो. बसमध्ये असाल तरी चालेल.

आमचे बाबा गावच्या डेअरीला दूध घालतात. सकाळ-संध्याकाळ पावती मिळते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर. पावत्या खिशातच भिजतात, हरवतात. म्हणून मी संकलन केंद्रासाठी एक छोटं वेब पेज बनवलं, फोनवर पावती दिसेल असं. लोकांचे फोन साधे, नेट रडतखडत. म्हटलं रिॲक्ट वगैरे नको, साधी जावास्क्रिप्ट आणि ब्राउझरचं स्वतःचं कस्टम एलिमेंट घेऊ.

कस्टम एलिमेंट म्हणजे आपला स्वतःचा एचटीएमएल टॅग. एचटीएमएल-एलिमेंट एक्स्टेंड करून क्लास लिहायचा आणि 'कस्टम-एलिमेंट्स डॉट डिफाइन'ला टॅगचं नाव नि तो क्लास द्यायचा. नावात हायफन लागतोच, म्हणून माझा टॅग 'मिल्क-स्लिप'. टॅग पेजवर आला की 'कनेक्टेड कॉलबॅक' चालतो. ॲट्रिब्यूट बदललं की 'ॲट्रिब्यूट चेंज्ड कॉलबॅक'. पण दुसरा फक्त त्याच ॲट्रिब्यूटसाठी चालतो, ज्यांची नावं 'ऑब्झर्व्ड ॲट्रिब्यूट्स' या स्टॅटिक यादीत आहेत. ही यादी लक्षात ठेवा.

टॅग वाढले तशी प्रत्येक क्लासखाली डिफाइनची ओळ लिहायचा कंटाळा आला. मग डेकोरेटर आणला. क्लासच्या डोक्यावर ॲट चिन्ह, पुढे 'टॅग' आणि कंसात नाव. झालं! डेकोरेटरचा हा नवा प्रस्ताव 2022 मध्ये टीसी39 समितीत तिसऱ्या टप्प्यावर पोहोचला. ब्राउझरला ते चिन्ह थेट कळत नव्हतं, म्हणून बेबलने कोड बदलून घेतला.

पण डेकोरेटर म्हणजे काय? नुसतं फंक्शन हो! त्याला दोन गोष्टी मिळतात, एक क्लास आणि दुसरा कॉन्टेक्स्ट. मी आत सरळ डिफाइन करून टाकलं. पेज उघडलं, पावती दिसली. खूश!

चार दिवसांनी बाबांचा फोन. शेजारच्या काकूंनी त्यांना गाठलं होतं. "तुमचा पोरगा आमच्या फॅटला कात्री लावतोय का?" सकाळी फॅट होतं 3.8. संध्याकाळी मशीनवर आलं 4.2, पण फोनवर तेच 3.8, म्हणजे पैसेही कमी दिसणार. बाबा हसत सांगत होते, पण मला हसू येईना. दुधाच्या हिशोबावरून गावात भांडणं होतात.

गंमत म्हणजे रिफ्रेश केलं की आकडा बरोबर! तिथेच धागा सापडला. पेज उघडताना कनेक्टेड कॉलबॅक ॲट्रिब्यूट वाचून पावती दाखवतो. नंतर आकडा बदलला की दुसरा कॉलबॅक चालायला हवा, तो चालतच नव्हता.

कारण वेळेचं. डिफाइन ती यादी एकदाच वाचतं, त्याच क्षणी. आणि नव्या नियमात क्लासचा डेकोरेटर आधी चालतो, स्टॅटिक फील्ड नंतर भरतात. म्हणजे माझं डिफाइन यादी वाचायला गेलं तेव्हा यादी तिथे नव्हतीच. एरर नाही, वॉर्निंग नाही. ब्राउझरने समजून घेतलं, याला कुठल्याच ॲट्रिब्यूटवर लक्ष ठेवायचं नाहीये.

उपाय दोन ओळींचा. कॉन्टेक्स्टकडे 'ॲड इनिशियलायझर' असतं. त्याला एक साधं फंक्शन द्यायचं, ॲरो नको, कारण आत 'धिस' लागतो आणि तो 'धिस' म्हणजे आपला क्लास. डिफाइन त्या फंक्शनमध्ये टाकायचं. क्लास पूर्ण तयार झाला, स्टॅटिक फील्ड भरली, की मगच ते चालतं. त्या संध्याकाळी काकूंच्या फोनवर 4.2 आलं, रिफ्रेश न करता.

तर दोन गोष्टी घेऊन जा. डेकोरेटर लावण्याआधी विचारा, हे फंक्शन कधी चालणार? आणि टेस्ट करताना पेज नुसतं उघडून बघू नका, उघड्या पेजवर आकडा बदलून बघा. तीनच टॅग असतील तर तीन डिफाइन लिहा राव, त्यात कमीपणा नाही.

काकूंनी नंतर खरवस पाठवला. म्हणजे माफी मिळाली असावी! भेटू पुढच्या भागात.