टीका करणारा प्राध्यापक



उस्मानिया विद्यापीठ आपल्या नल्लकुंट्याच्या शेजारचे. आजच्या विषयासाठी त्याच्याच इतिहासातील एक प्रकरण पुरेसे बोलके आहे.

१९६५ च्या सुमारास विद्यापीठाच्या स्वायत्ततेवरून राज्य शासन आणि कुलगुरू डॉ. डी. एस. रेड्डी यांच्यात मतभेद झाले. कुलगुरूंना पदावरून दूर करावयाचे तर चौकशी व्हावी, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी तरतूद कायद्यात होती. परंतु १९६६ मध्ये नवे कलम घालून, चौकशीविनाच, विद्यमान कुलगुरूंची मुदत संपविण्याची सोय करण्यात आली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वाच्या आधारे ते कलम रद्द ठरविले.

ज्यांच्या हाती विद्यापीठाची सूत्रे, त्यांनाही दिल्लीपर्यंत दाद मागावी लागली. मग साध्या अधिव्याख्यात्याची काय कथा? प्रशासनावर टीका केली म्हणून त्याला सहसा कोणी बडतर्फ करीत नाही. त्याची पदोन्नती ‘विचाराधीन’ राहते, रजेचा अर्ज परत येतो, संशोधक विद्यार्थी त्याच्याकडे येईनासे होतात. रेड्डींच्या विरोधात निदान एक कलम तरी होते. याच्या हाती आदेशाचा कागदही नसतो. दाद मागावी ती कशाविरुद्ध?

कागद निघतो तेव्हाही चित्र फारसे आश्वासक नसते. २०१८ मधील एका आंदोलनात भाग घेतल्याबद्दल जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०१९ मध्ये ४८ अध्यापकांवर आरोपपत्रे बजावली. आधार होता केंद्रीय नागरी सेवेच्या वर्तणूक नियमांचा. शासनाचे धोरण राबविणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी हे नियम १९६४ मध्ये झाले. प्राध्यापकाचे काम मात्र धोरण तपासून पाहण्याचे आहे. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयी शिफारस स्वीकारली. आपल्या संस्थेविषयी मोकळेपणाने मत मांडण्याचे स्वातंत्र्य तीत स्पष्ट नमूद आहे. अध्यापक गप्प झाले, तर परीक्षेतला गोंधळ किंवा नेमणुकीतला पक्षपात प्रथम सांगणार कोण? त्याची झळ अखेर विद्यार्थ्यालाच बसते.

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी पुढे शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर बसतील. त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. अध्यापकाचे कोणतेही प्रकरण अडवून ठेवाल, तर ठरलेल्या मुदतीत त्याचे कारण लेखी द्या. एवढ्याने टीका निर्धोक होणार नाही. पण अन्याय झाल्यास त्याला दाद मागता येईल.