रणांगणानंतरचं आयुष्य

युद्ध थांबतं, पण जायबंदी सैनिकाची आणि त्याच्या घरच्यांची खरी लढाई तिथून पुढे सुरू होते.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात नावाजलेले मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि जलतरणपटू झाले. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पुढे पुण्यात टेल्कोमध्ये त्यांनी नोकरी केली. पद्मश्री मिळायला मात्र 2018 साल उजाडलं.

उपचारांचा आणि रोजगाराचा असा आधार प्रत्येक जखमी जवानाला मिळायला हवा. पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून हेच काम करतंय. मणक्याला इजा झालेले जवान तिथे राहतात, काम शिकतात, चाकाच्या खुर्चीवरून खेळतात.

घरच्यांपर्यंत आधार पोहोचायचा तर कागदपत्रंही नीट हवीत. घरात माजी सैनिक असेल, तर आजच पेन्शनचे कागद, म्हणजे पीपीओ, काढून बघा. त्यात पत्नीचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे ना? एका अक्षराच्या चुकीपायी कुटुंब निवृत्तिवेतन अडू शकतं. उपचारांसाठी 2003 पासून ईसीएचएस योजना आहे. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. ही मदत म्हणजे उपकार नव्हे, तुमचा हक्क आहे. तो जरूर मागा.