सक्तमजुरी की वेठ?



माणदेशातील संमेलनाच्या अध्यक्षाने दुष्काळावर चार हळवे उद्गार काढावेत, माडगूळकर बंधूंना वंदन करावे आणि हारतुरे स्वीकारून खाली बसावे, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. वंदन मीही करतो. परंतु त्यांपैकी थोरल्या बंधूंनी, म्हणजे गदिमांनी, आटपाडीजवळच्या ज्या वसाहतीवरून चित्रकथा रचली, त्या स्वतंत्रपूरविषयी आज मी कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता बोलणार आहे.

औंध संस्थानात १९३९ साली, भवानराव पंतप्रतिनिधींच्या अमलात आणि मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे, बेडी नाही, भिंत नाही, अशा उघड्या माळावर शेती करण्यासाठी वसविण्यात आली. हिंदुस्थानच्या तुरुंगव्यवस्थेत हा प्रयोग अपूर्वच होता, हे मी निःशंकपणे मान्य करतो. १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला, बर्लिनपर्यंत गाजला, आणि तेव्हापासून आपण माणदेशी लोक त्या कीर्तीवर बसून आहोत. मात्र त्या बारा हातांना दिवसाकाठी मजुरी काय पडते, हा प्रश्न आजवर एकाही व्यासपीठावरून माझ्या कानी आलेला नाही.

तर ऐका. महाराष्ट्रातील कारागृहांचे मजुरीचे दर २०२३ साली वाढविण्यात आले, त्यानंतरही अकुशल बंद्याच्या दिवसभराच्या कष्टाचे मोल साठ रुपयांच्या आतच राहिले. आणि खुल्या वसाहतीतल्या बंद्याला त्याहून थोडे अधिक मिळत असले, तरी शंभराची नोट त्याच्याही हाती पुरती पडली नाही. त्याच वर्षी रोजगार हमीच्या कामावरचा दर २७३ रुपये होता. कुदळ तीच, ऊन तेच, आणि सरकारही तेच!

यावर आपल्यातील सज्जन म्हणतात की, कैदी सरकारचे फुकट खातो, मग राबला तर बिघडले कोठे? न्यायाधीशाने त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले, ही शिक्षा झाली. त्याच्या घामाची जप्ती कोणत्या निकालपत्रात लिहिलेली असते, ते या सज्जनांनी मला दाखवावे. बंद्याला न्याय्य मजुरी मिळालीच पाहिजे, तीतून त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च हवा तर वजा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सांगितले. वजावटीला माझी हरकत नाही. परंतु वजावट पूर्ण रकमेतून होते, आणि ती रकमेची ओळ प्रथम कागदावर लिहावी लागते. आपल्याकडे ती ओळच गाळलेली आहे.

ही वहिवाट नवी नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरी, इंग्रजांनी सिंगापूर-मलाक्याकडचे चिनी आणि मलायी बंदी आणून ठेवले होते. तेथील रस्ते त्यांनी बांधले, बटाट्याचे व विलायती भाज्यांचे वाफे त्यांनी फुलविले, आणि १८६४ साली तो तुरुंग मोडला. आज त्या रस्त्यांवरून हवा खात फिरणाऱ्यांच्या कानी त्यांची नावेही पडत नाहीत.

खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. अर्पण यथोचितच होते. परंतु १८६५ च्या ज्या घटनादुरुस्तीने तेथील गुलामी संपली, तिच्याच पोटात, गुन्ह्याची शिक्षा म्हणून दास्य चालेल, असा अपवाद ठेवलेला होता. आणि त्या चोरवाटेने दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीय बंदी खाणींच्या व मळ्यांच्या मालकांना भाड्याने दिले. अलाबामात हा धंदा १९२८ पर्यंत चालला.

तिकडे वर्ण, तर इकडे जात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे जाळे पुढे मुंबई इलाख्यावर पडले तेव्हा आपल्या भागातील मांग आणि रामोशी यांना चावडीवर हजेरी लागली; पाहुण्याच्या गावी जावयाचे तरी पाटलाची परवानगी! जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्याचे श्रम जन्मानेच स्वस्त ठरतात. स्वतंत्र भारतातील कित्येक राज्यांच्या कारागृह नियमावल्या झाडूकाम आणि स्वयंपाक जातीवरून वाटीत होत्या. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२४ च्या ऑक्टोबरात ती कलमे रद्द झाली. आम्हा साहित्यिकांपैकी कोणाला ते सुचले नाही.

निदान माणदेशाने तरी हे ओळखावयास हवे होते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, मुकादमाच्या हजेरीपत्रकावर अंगठा उठवून, आठवड्याच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली पिढी अजून या मंडपात आहे. दुष्काळी कामावरील मजुराला किमान वेतनाहून कमी देणे म्हणजे घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठ होय, असे राजस्थानातील रस्त्यावर राबणाऱ्या मजुरांच्या दाव्यात १९८३ साली ठरले. उपाशी माणसाच्या नाइलाजाचा फायदा सरकारने घेऊ नये, हे ज्यांना पटते, त्यांना कुलपाआडच्या माणसाचा नाइलाज का दिसू नये?

म्हणून या संमेलनाने पुढील ठराव करावा, अशी माझी सूचना आहे : स्वतंत्रपुरासह राज्यातील प्रत्येक बंद्याची मजुरी किमान वेतनाने आकारावी, वजावट असेल ती रकमेसह पावतीवर दाखवावी, आणि ती पावती दरमहा त्याच्या हाती द्यावी. माझे मत मी दिले आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करण्यावर न भागवता उभे राहून कारण सांगावे. कार्यवाहांनी ते नावासह इतिवृत्तात नोंदवावे.