रोग म्हशीला, औषध पखालीला



मला भाषणाची सवय नाही. शाळाही सातवीपर्यंतच झाली. पण मंडळातर्फे आपण ज्या गृहभेटी करतो, त्यांत मला जे शिकायला मिळालं ते सांगते. चुकलंमाकलं पदरात घ्या.

आपल्यातल्या एक बाई बरेच महिने रविवारच्या उपासनेला दिसेनाशा झाल्या. भेटीची पाळी माझी होती. विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे फार धरतात हो." मी तेल नेऊन दिलं, एक स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली आणि घरी आले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पण मधे एकदा भाजीची जड पिशवी घेऊन त्या बाजारातून चालत येताना मला दिसल्या. मनात आलं, ही सारी सबब आहे. आता चांगलं बोललंच पाहिजे.

त्याच रात्री लूकचा 10 वा अध्याय वाचनात आला. प्रभू येशू मार्थेच्या घरी पाहुणा आला. मार्था कामात बुडालेली, आणि बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली. मार्थेची तक्रार कामाची, पण बोलते काय? बहिणीनं मला एकटीला टाकलं, तुला काहीच वाटत नाही का? तू तिला सांग! बहीण समोर असून तिच्याशी बोलणं नाही, सांगणं पाहुण्याला. प्रभूनं भांड्याकुंड्यांची गोष्ट काढलीच नाही. तिला दोनदा नावानं हाक मारली आणि तिच्या मनातल्या तळमळीवरच बोट ठेवलं.

तिसऱ्या खेपेला मी तेल नेलं नाही आणि उपदेशही नेला नाही. त्यांच्याबरोबर मेथी निवडत बसले. बऱ्याच वेळानं विचारलं, "वहिनी, आमच्यापैकी कुणाचं काही मनाला लागलं का?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "नाताळच्या करंज्या करताना माझ्या मुलाबद्दल तुम्हीच बोललात ना? सगळ्यांदेखत?"

त्यांचा मुलगा नोकरी सोडून घरी बसला होता. "घरात धाक नाही, दुसरं काय!" असं मी म्हटलं होतं, आणि विसरूनही गेले होते. मार्थेसारखीच मीही जिच्याशी बोलायचं तिला सोडून इतरांना सांगत बसले होते. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं मत्तयाच्या 5 व्या अध्यायात सांगितलं आहे. मी मात्र समेट न करता दोनदा प्रार्थना करून आले होते!

मी क्षमा मागितली. लगेच सारं सुरळीत झालं असं नाही. गुडघेही खरोखरच दुखत होते. पण आता त्या अधूनमधून उपासनेला येतात आणि माझ्याकडे पाहून बोलतात.

मार्थेचंही पुढं योहानाच्या शुभवर्तमानात वाचा. भाऊ लाजर वारला तेव्हा मरीयेला हळूच जाऊन बोलावणारी तीच. आणि नंतरच्या जेवणातही वाढणारी तीच, पण तिथं तक्रारीचा शब्द नाही.

तेव्हा भगिनींनो, तेल द्यावं, औषध द्यावं, प्रार्थनाही करावी. पण ही बाई कुणाशी बोलेनाशी झाली आहे, ते आधी पाहावं. आणि ते नाव आपलंच निघालं, तर उठून न जाता तिथंच बसावं.