सम्यक वाणी आणि जगाची शांतता
(उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जागतिक शांततेचा विषय निघाला की आपली दृष्टी एकदम न्यूयॉर्ककडे किंवा जिनिव्हाकडे वळते. तेथे राष्ट्रांचे प्रतिनिधी बसतात, ठराव करतात. आणि आपण खानदेशातील माणसे वर्तमानपत्र मिटून कापसाच्या भावाची चौकशी करू लागतो. या कार्याशी आपला काय संबंध, असे आपणास वाटते. संबंध आहे, आणि तो ओट्यावर, पाणवठ्यावर व आठवड्याच्या बाजारात आहे. हे सिद्ध करण्यास मला धुळे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

साक्री तालुक्यातील राईनपाडा आपणास ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके लोक भिक्षा मागत त्या बाजारात आले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, ही अफवा व्हॉट्सअॅपवरून त्याअगोदरच घरोघर पोचली होती. त्या पाच जणांवर संशय घेण्यात आला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना जीव जाईपर्यंत मारण्यात आले. मारणारे कोणा शत्रुराष्ट्राचे सैनिक नव्हते. बाजाराला आलेली साधी माणसे होती ती.

आता विचार करा. ही अफवा पुढे पाठविणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल की, कोणाचे मूल गेले, कोणत्या गावचे, कोणत्या दिवशी? ज्याने निरोप पुढे धाडला त्यालाही आपण खोटे बोललो असे वाटले नसेल. त्याने केवळ बडबड केली. तथागतांनी वाणीचे चार दोष सांगितले: असत्य, चहाडी, कठोर वचन आणि निरर्थक बडबड. यांतील चौथ्याला आपण दोष मानावयास तयारच नसतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन घालण्याचे जाहीर केले. परंतु ओट्यावरच्या गप्पांना असले बंधन कोणती कंपनी घालणार?

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे, १९२९ सालचे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावी परतले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही, असे ठरले. मग आपल्याच माणसांपैकी सराव नसलेला एकजण हाकावयास बसला. नदीवरील मोरीवर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा गाडीसह खाली नदीत पडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. टांगेवाल्यांच्या उद्दाम बोलण्याबद्दल आपण नेहमी बोलतो. मला दुसरी गोष्टही महत्त्वाची वाटते. नकाराचे खरे कारण बाबासाहेबांना मागाहून कळले. पाहुण्याचा मान राहावा म्हणून आपल्या लोकांनी ते वेळेवर सांगितले नाही. महारवाडा तर पायी जाण्याइतका जवळ होता! प्रेमापोटी का होईना, सत्य दडविणे हेही वाणीचेच अपयश होय.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यात दाखविले आहे. पाण्यावरून शाक्यांच्या व कोलियांच्या सेवकांत मारामारी झाली आणि शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव घेऊन उभा राहिला. सिद्धार्थाने सुचविले की, दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशांनी बसून तंटा मिटवावा. बहुमताने ते फेटाळले. ही सूचना आम्हा खानदेशी लोकांस परकी वाटू नये. पांझरेच्या काठी फड पद्धतीत कोणत्या फडाला पाणी केव्हा द्यावयाचे हे गावकरी बसून ठरवीत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडी. त्या बैठकीत आपल्या वाडवडिलांना जागा होती काय, हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारलाच पाहिजे. तथापि पाण्याचा तंटा बोलून सोडविता येतो याचा तो पुरावा आहे.

आफ्रिकेतील रवांडा देशात १९९४ साली नभोवाणीवरून तुत्सी लोकांना ‘झुरळे’ म्हणण्यात येई. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. माणसाला आधी किड्याचे नाव द्यावयाचे, मग किड्याप्रमाणे चिरडावयाचे, हा क्रम आपल्या समाजाला कोणी शिकवावा असे नाही.

म्हणूनच एक कटू गोष्ट बोलतो. आपल्या घरांतही पारध्याला चोर, भिल्लाला अडाणी आणि दारी आलेल्या भटक्याला भामटा म्हणण्याची सवय उरली आहे. पोरे ते ऐकतात. संध्याकाळी विहारात चौथे शील म्हणतात, आणि सकाळी ओट्यावर तेच शब्द शिकतात.

सम्यक वाणी म्हणजे अपमान मुकाट्याने गिळणे, असा अर्थ कोणी करू नये. जातीवरून चारचौघांत अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तेथे साक्षीदारांची नावे, तारीख व उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा आणि पोलिसांत फिर्याद द्या. शिवीला शिवी देऊ नका. शिवीने फिर्याद कमकुवत होते. बाबासाहेबांचे बोलणे अनेकदा कठोर असे, परंतु ते पुराव्यानिशी असे.

येत्या बाजाराच्या दिवशी तुमच्या दारी अनोळखी भिक्षेकरी येईल. त्याला गाव विचारा, मुक्काम कोठे पडला आहे ते विचारा, पोरांना जवळ बसू द्या, आणि घोटभर पाणी द्या. आणि त्याच्याविषयी कोणी काही सांगू लागले, तर हे तू स्वतः पाहिलेस काय, एवढे विचारा.