भेटकार्डांचा नफा कोणाचा?

(सेवाकार्याच्या पाठीराख्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या वसतिगृहासाठी निधी उभा करण्याची एक योजना आपल्यापुढे आली आहे. गिफ्ट कार्डांची, म्हणजे भेटकार्डांची. ती कशी चालते, तिच्यात काय सांभाळायचं आणि मुख्य म्हणजे तिच्यातून येणारा पैसा कोणाचा, एवढं सांगायला मी उभी आहे.

ही कल्पना अमेरिकेतल्या चर्चच्या शाळांमध्ये बरीच वर्षं चालू आहे. तिकडे तिला ‘स्क्रिप’ म्हणतात. पूर्वी कागदी कूपनं असत, मग प्लॅस्टिकची कार्डं आली, आता फोनवरच कार्ड येतं. शाळा दुकानाकडून एकगठ्ठा कार्डं घेते. शंभराचं कार्ड शाळेला समजा सत्त्याण्णवला मिळतं. पालक ते शाळेकडून पूर्ण शंभराला घेतात आणि त्याच दुकानात शंभराचाच माल आणतात. मधले तीन शाळेला राहतात. पालकाच्या खिशातून जास्तीचं काही जात नाही. दुकानाला बांधलेलं गिऱ्हाईक आणि आगाऊ पैसा मिळतो, म्हणून ते ही सूट देतं. किराण्यात सूट कमी असते, कारण त्या धंद्यात नफाच थोडा. कपडे आणि हॉटेलं यांत ती जास्त असते.

आता आपला हिशेब मांडू. समजा एका घराचा महिन्याचा किराणा ६,००० रुपयांचा आहे आणि दुकानाने ३ टक्के सोडले. महिन्याला १८० रुपये झाले, वर्षाला २,१६०. अशी ४० घरं तयार झाली तर वर्षाला ८६,४०० रुपये. एका मुलाच्या वह्या, गणवेश आणि चपला यांना वर्षाला ३,००० लागतात असं धरलं, तर २८ मुलांची सोय होते. तेल, डाळ, साबण आपण आणतच होतो. फक्त पैसे देण्याची वाट बदलली.

पण बंधुभगिनींनो, याला आपण दान म्हणू नये. ज्याने हजाराचं कार्ड घेतलं त्याला हजाराचा माल मिळाला. त्याने दिलं काहीच नाही, सोडलं ते दुकानाने. म्हणूनच कार्ड घेणाऱ्याला आयकराच्या सवलतीसाठी देणगीची पावती मागता येणार नाही आणि आपल्या कार्यालयानेही ती फाडायची नाही. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूच्या कामासाठी बाजूला काढतात. ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला. त्या मुठीने घरच्या भांड्यातला भात कमी होतो. विधवेच्या दोन टोल्यांनीही तिची थैली रिकामी झाली होती. भेटकार्डाने आपल्या घरातलं काहीच कमी होत नाही. तेव्हा ही योजना दानार्पणाच्या बरोबरीने चालावी, त्याच्या जागी नको. कार्ड घेतलं म्हणून कोणी रविवारचं पाकीट हलकं केलं, तर वसतिगृहाला एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. योजनेची बोलणी सुरू झाली तेव्हा एका भगिनीने मला विचारलं, “ताई, आम्ही एका मुलाचा खर्च उचललाय. आमच्या कार्डांवरचा नफा त्याच्याच नावावर लावाल ना?” प्रश्न प्रेमाने विचारलेला होता. त्यांना तो मुलगा पोटच्या पोरासारखा आहे. तरीही मी त्यांना नाही म्हटलं. का, ते आज सर्वांसमोर सांगते.

आपली बहुतेक मुलं सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांवरची आहेत. दिवाळीच्या सुमाराला त्यांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. घरी आजी असली तर पोर मागे राहतं, नसली तर गाडीत बसून फडावर जातं. एकदा फडावर गेलेलं पोर होळीला गावी परत आलं तरी शाळेत येईलच असं नाही. त्याला थांबवून धरणारी एकच जागा म्हणजे वसतिगृह. आता सांगा, त्या आईबापांनी कुठल्या सुपरमार्केटचं कार्ड घ्यायचं? आणि ज्या मुलाला अजून पाठीराखा मिळालेला नाही, त्याच्या नावावर नफा कोण लावणार? नफा नावावर लावला तर एकाच खोलीत, एकाच रांगेत एकाच्या पायात नवी चप्पल आणि दुसऱ्याचा पाय उघडा, असं होईल. गरिबी मुलांना घरून ठाऊकच असते. वसतिगृहात आल्यावर आपल्यामागे कोणी नाही हे शिकायची पाळी तिच्यावर आणू नये.

अमेरिकेतही हा प्रश्न उभा राहिला आहे. अनेक शाळांत नफ्याचा काही भाग ज्या त्या कुटुंबाच्या फीमधून वजा होतो. असाच नावावर नफा लावणारा व्हर्जिनिया राज्यातल्या मुलांच्या जिम्नॅस्टिक्सचा एक पालक-क्लब होता. ज्याने जितका निधी उभारला, तितकी त्याच्याच मुलाची फी कमी होई. २०१३ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने निकाल दिला की हे धर्मादाय काम नव्हे, हा खाजगी फायदा आहे. क्लबची करसवलत गेली. कायदा त्यांचा आहे, आपला वेगळा. पण प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. मंडळीच्या नावाने जमवलेला पैसा मंडळीच्या सगळ्या मुलांचा. म्हणून माझी विनंती अशी, की भेटकार्डांचा सगळा नफा एकाच सामाईक खात्यात जावा, आणि त्यातून आधी ज्या मुलाला पाठीराखा नाही त्याची गरज भागावी.

ज्या भगिनीने प्रश्न विचारला होता, त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या पोराचं नाव तरी सांगा, प्रार्थनेत घेईन.” नाव मी सांगितलं.

आता काम कसं चालवायचं ते सांगते. हे नियम अविश्वासातून आलेले नाहीत. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात ते सविस्तर आलं आहे. आपणही तसंच करू.

पहिलं, आधी पैसे आणि मग कार्ड. मागणी व रक्कम जमल्यावरच दुकानाकडे ऑर्डर द्यायची. उधारी नाही. कपाटात कार्डांचा साठाही नाही. कार्ड म्हणजे रोकड. हरवलं तर नोट हरवली.

दुसरं, कार्डं वाटणारा आणि हिशेब लिहिणारा अशी माणसं वेगळी. पाकीट उघडताना दोघं हजर. कार्डाचा क्रमांक, रक्कम, घेणाऱ्याची सही वहीत. महिनाअखेरीला वही आणि बँकेचं पासबुक समोरासमोर ठेवायचं आणि तो आकडा मंडळीच्या फलकावर लावायचा.

तिसरं, सुटीचा दर दुकानाकडून लेखी घ्यायचा. तोंडी शब्दावर योजना उभी करायची नाही. कार्डाची मुदतही त्यातच लिहून घ्यायची.

चौथं, आपण स्वतः कूपनं छापायची नाहीत. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्या दुकानात चालणारं कार्ड काढलं, तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पण चार वेगवेगळ्या दुकानांत चालणारं कूपन आपण विकू लागलो, तर ते परवानगीच्या कक्षेत येतं. बँकांच्या भेटकार्डांना रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार १०,००० रुपयांची मर्यादा आहे. त्यांत पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोखही काढता येत नाही.

पाचवं, परदेशातल्या नातलगांविषयी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोणी प्रेमाने व्हॉट्सॲपवर कार्डाचा कोड पाठवला, तर तो संस्थेसाठी वापरायचा नाही. तशी मदत परकीय निधीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. त्यांना कार्यालयाशी बोलायला सांगा.

आणि एक सावधगिरी. पाळकांचं नाव व फोटो लावून, “मी मीटिंगमध्ये आहे, एका आजाऱ्यासाठी लगेच गिफ्ट कार्ड घ्या आणि नंबर पाठवा,” असे मेसेज फसवणारे पाठवतात. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण खात्याने २०१९ मध्येच चर्चच्या सभासदांना याबद्दल सावध केलं होतं. आपली योजना सुरू झाली की असा मेसेज लोकांना खरा वाटण्याची भीती जास्त. म्हणून आजच ठरवू या. पाळकसाहेब किंवा आमच्यापैकी कोणीही फोनवर कार्डाचा नंबर मागणार नाही. मागितला तर तो आम्ही नव्हे, असं समजा. घरच्या वडीलधाऱ्यांनाही हे सांगून ठेवा.

शेवटची एक गोष्ट. कार्ड आहे म्हणून खरेदी वाढवू नका. तीन रुपये शाळेला जावेत म्हणून शंभराची नको असलेली वस्तू आणली, तर घराचे शंभर गेले. तसं मनात आलं तर ते शंभर सरळ दानपेटीत टाका, मुलांना तीनाऐवजी शंभर मिळतील. घरात जे लागतं तेवढंच, आणि तेच या वाटेने आणा.

मागणीचे अर्ज महिला मंडळाच्या टेबलावर ठेवले आहेत. अर्जावर तुमचं नाव, दुकान आणि रक्कम एवढेच रकाने आहेत. मुलाच्या नावाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तुम्ही ज्या मुलाचा खर्च उचलता त्याला पत्र लिहीत राहा, त्याच्या वाढदिवसाची आठवण ठेवा, ते नातं तुमचंच आहे. कार्डांचा नफा मात्र त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या पोरासाठी सोडा.

देव आपल्या सर्वांच्या घरांना आणि त्या मुलांच्या आईबापांना, ते आज ज्या फडावर असतील तिथे, सांभाळो. आमेन.