पाती आणि पाळी : एका लहान शहराची ओळख



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्या वर्गात मी बसलेलो आहे. १९६२ साली मी सातवीत होतो. सरांनी एकदा निबंधाऐवजी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : 'आपल्या घरच्या नळाला पाणी कोठून येते?' मी ऐटीत लिहिले, 'नळखात्याकडून.' सरांनी वही परत केली, तिच्यावर तांबड्या शाईत लिहिले होते : 'नळखाते म्हणजे काय ढग आहे?' मग वडिलांना विचारून, दोन शेजाऱ्यांना त्रास देऊन मला गंभीर नदी आणि तिच्यावर होळकरांच्या काळात बांधलेला यशवंत सागर यांचा पत्ता लागला. नर्मदेचे पाणी इंदुरात पोहोचायला तेव्हा अजून बराच अवकाश होता; ते १९७८ साली आले. सरांचा तो प्रश्न मी विसरलो. पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, प्रबंध लिहिला, पदवी मिळाली, आणि पाण्याचे खाते पत्नीकडे गेले. आज त्या विसरण्याविषयीच बोलणार आहे.

२०१५ साली मी निवृत्त झालो आणि आम्ही दोघे देवासला राहायला गेलो. मुलीची नोकरी तेथे होती, पत्नीच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता आणि तळमजल्याचे घर आमच्या ऐपतीत तेथेच मिळत होते. इंदूरपासून देवास सुमारे ३५ किलोमीटर. आपण इंदूरकर त्या शहराला मनातून आपले परसदार समजतो. बसने कारखान्यात जावे, नवरात्रात टेकडीवर जाऊन तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघी बहिणींचे दर्शन घ्यावे आणि दिवेलागणीला परतावे, एवढाच आपला देवासशी संबंध. मी मात्र तेथे पाहुणा म्हणून गेलो नाही, जाणकार म्हणून गेलो. ते अधिक वाईट.

कारण देवासचा इतिहास मला तोंडपाठ होता. बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेले तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू; १७२८ पासूनची त्यांची वाटणी; थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे. १८४१ नंतर दोन्ही पात्यांचा कारभार पुरता वेगळा झाला, पण मुलूख मात्र एकमेकांत गुंतलेला. मुख्य रस्त्याची एक बाजू एका संस्थानात, दुसरी दुसऱ्यात. दोन्ही बाजूंची पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही निरनिराळी. १९२१ साली थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांच्याकडे ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार काही महिने खासगी चिटणीस होते आणि त्या दिवसांवर त्यांनी 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध केले, हेही मी कोणालाही, न विचारता, सांगत असे. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. तेथील मराठी मंडळींनी पहिल्याच वर्षी या विषयावर माझे व्याख्यान ठेवले. टाळ्या पडल्या. मला वाटले, आपण देवासकर झालो.

त्याच आठवड्यात आमच्या घरात पिण्याचे पाणी नव्हते.

पाणी एक दिवसाआड येते हे ठाऊक होते. पण कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, हे मला माहीत नव्हते. शेजारची सून अंगणातून हाक मारी, "माताजी, नल आ गए!" आणि पत्नी हातातले काम टाकून धावे. माळव्यात नळ येतात, पाणी येत नाही. आपणही मराठीत 'नळ आले' असेच म्हणतो, आणि पुण्याची माणसे त्याला हसतात. हसोत. ज्या गावात नळ पाहुण्यासारखा येतो, तेथे क्रियापद हेच बरोबर. हा नळ आणणारा मनुष्य सायकलवर लांब लोखंडी चावी घेऊन फिरतो आणि एका गल्लीचे पाणी बंद करून दुसरीचे सोडतो. आमच्या गल्लीतल्या लहान मुलांनाही तो नावाने माहीत होता. तिसऱ्या तुकोजीरावांचे चरित्र सांगणाऱ्या मला तो माहीत नव्हता.

देवासच्या पाण्याची कथा सोपी नाही. शहर वाढले, कारखाने आले, १९७०च्या दशकात नोटांचा सरकारी छापखाना आला आणि जुने तलाव बुजवून त्यांवर घरे आणि शेड उभी राहिली. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ सालच्या हिंदी पुस्तकात हे लिहून ठेवले आहे. १९९० साली वेळ अशी आली की देवासला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले. गल्लीतले म्हातारे अजून ते दिवस सांगतात. किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना या गावात आहे. जेथे पंप तयार होतात तेथेच उपसायला पाणी उरू नये, हा विनोद तेथील लोकच करतात, बाहेरच्याने करू नये. पुढे २००६ पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीत तळी खोदायला घेतली. ती हजारोंनी झाली आणि ओसाडलेल्या शेतांत रब्बीची पिके पुन्हा दिसू लागली. मला यातले काही ठाऊक नव्हते. हे सारे मी नळाच्या पाळीला बादली घेऊन उभा राहून ऐकले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला त्याचा कधी शोध घ्यावासा वाटला नव्हता.

आता जे सांगतो ते सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. २०१८च्या पावसाळ्यात एका रात्री पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. मुलगी तेव्हा बदलीवर भोपाळला होती. मी प्रथम मंडळातल्या तीन स्नेह्यांना दूरध्वनी केला. तिघेही माझ्याच वयाचे. दोघांचे यंत्र बंद होते, तिसऱ्यांना ऐकू कमी येते. मग १०८ क्रमांक फिरवला. रुग्णवाहिकेच्या चालकाने पत्ता विचारला आणि मी, श्रोतेहो, त्याला एका जुन्या वाड्याची खूण सांगितली. तो वाडा पाडून कितीतरी वर्षे झाली असावीत. तो पुन्हा विचारी, मी पुन्हा तोच वाडा सांगे. आवाज ऐकून शेजारची सून आली, तिने यंत्र माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाली, "पानी की टंकी के पीछे, दूध डेयरी वाली गली, मैं बाहर खड़ी हूँ." ती पावसात कोपऱ्यावर उभी राहिली. गाडी आली.

पत्नी वाचली, पण तिची वाचा गेली. ती पुढे चौदा महिने होती.

त्या चौदा महिन्यांत मला देवास समजले. कोणत्या दवाखान्यात व्यायाम करवून घेणारा मुलगा घरी येऊ शकतो, खुर्ची भाड्याने कोठे मिळते, कोणता औषधविक्रेता रात्री अकराला कडी वाजवली तर उठतो, हे मला एकेका माणसाने सांगितले. यातला कोणीही माझ्या व्याख्यानाला आलेला नव्हता. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येई. पत्नीला ते गाणे आवडू लागले होते. ती डोळ्यांनी दाराकडे पाही. चालकाच्या ते लक्षात आले, आणि आमच्या दारापाशी तो गाडी क्षणभर जास्त थांबवी. कोणत्याही खात्याच्या नियमांत हे बसत नसेल.

तिच्या मागे एका कार्यालयात मृत्यूच्या दाखल्यासाठी गेलो. तिच्या नावात 'ळ' होता. दाखल्यावर 'ल' आला. मी प्राध्यापक, मला ते सहन झाले नाही. लिपिक म्हणाला, हिंदीत हे अक्षर नाही, यंत्रातही नाही. मी भाषाशास्त्र सांगितले, राज्यघटनेतील भाषा सांगितल्या, आवाज चढवला. तीन खेपा वाया गेल्या. शेजारच्या सुनेचे सासरे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, ते म्हणाले, "बाबूजी, लड़ना बाद में, पहले मशीन तो देख लो." मी पाहिले. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ळ' आहे. ज्या कळीवर 'ल' आहे तिच्यावरच, दुसरी कळ दाबून धरली की उमटतो. चौथ्या खेपेस मी त्या लिपिकाला नमस्कार करून ती कळ दाखवली. त्याने दाबून पाहिली, हसला, आणि दाखला दुरुस्त झाला. माझा आग्रह चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. पण समोरच्या माणसाचे यंत्र पाहण्याआधी मी तीन वेळा त्याच्यावर ओरडलो होतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिची लाज अधिक वाटते. वॉर्डातल्या सेवांबद्दल मी तक्रारी करीत होतो, पण मतदार यादीत माझे नाव इंदूरलाच होते. चार वर्षे मी ते हलवले नव्हते. पाणी देवासचे प्यायचे, मत इंदूरला द्यायचे! 'पाती' या शब्दाचा मूळ अर्थ वाटा. 'भागीपाती'त तो अजून टिकून आहे, आणि भागीत जो उतरतो त्याला आपलेही काही घालावे लागते. मी केवळ काढून घेणारा पातीदार होतो. २०२२च्या नगर निगमाच्या निवडणुकीत मी देवासला प्रथम मत दिले. ज्याला दिले तो पडला, हे जाता जाता सांगतो.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. पिढ्यानपिढ्या येथे आहोत. गणपती बसवतो, दिवाळी अंक मागवतो आणि संस्थानी वैभवाच्या आठवणी जपतो. जपाव्यातच. माझा त्याला विरोध नाही, माझे पोट त्यावरच भरले. पण कुमार गंधर्वांचे उदाहरण आपण देतो ते कसे देतो, पाहा. आपण म्हणतो, देवासला आपले कुमारजी होते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, क्षयाने ग्रासलेला तरुण गायक १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आला. गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने रस्त्यावरून जाणाऱ्यांची, माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, आणि पुढे जे गायला त्यात ते ऐकणे होते. १९९२ साली त्याचा देह त्याच गावात पडला. तो तेथे आपला म्हणून आधी ओळखला गेला नव्हता. तो आधी ऐकत होता.

मंडळात मी सुचवले की आपल्या सभागृहाच्या फळ्यावर सुविचाराऐवजी पाण्याच्या पाळ्या, रुग्णवाहिकेचा आणि वॉर्ड कार्यालयाचा क्रमांक लिहावा, आणि सभागृह गल्लीतल्या सर्वांना खुले ठेवावे. वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मग मराठीचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि माझ्यापाशी त्याचे पूर्ण उत्तर नाही. एवढे सांगतो : शेजारच्या घरातला नातू तो फळा वाचायला येतो. शेजारी मराठी पुस्तकांचे कपाट आहे. परवा त्याने मला विचारले, हे अक्षर कोणते? ते 'ळ' होते.

शाळेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. सरांचा तो प्रश्न यंदा सातवीला पुन्हा घालावा. आता उत्तर लांब आहे. इंदूरच्या मुलांना नर्मदेपर्यंत जावे लागेल. वह्या तपासायला मी येईन, तांबडी शाई माझी.

संयोजकांनी आज रात्रीच्या मुक्कामाची व्यवस्था केली आहे. त्यांचा मी ऋणी आहे, पण मला शेवटच्या बसने परतले पाहिजे. उद्या आमच्या गल्लीची पाळी आहे. साडेसहाला नळ येतात, आणि शेजारची सून माहेरी गेली असल्यामुळे यावेळी हाक मला मारायची आहे.